नोंदवही गावाची, निर्णय कुणाचा?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या एका गावच्या जंगलात आम्ही झाडं मोजत होतो. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावानं मिळून जंगल राखायचा कायदेशीर हक्क, मिळालेला, आता व्यवस्थापन आराखडा करायचा. त्यासाठी नमुना प्लॉट आखून त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर घ्यायचं काम चाललं होतं. टेप माझ्या हातात, वही गावातल्या एका पोराच्या हातात. पहाटेपासून मोह वेचून दमलेली एक आजी टोपली टेकवून आमच्याकडे बघत बसली होती. चार झाडं झाल्यावर तिनं विचारलं, "काय लिवता जी?"

"झाडाचं नाव अन् घेर, आजी."

"मंग हा अन् तो एकच झाला का?"

समोरासमोर दोन मोह उभे होते. वहीत दोन्हींपुढे 'मोह' लिहिलेलं, घेरात चार-पाच सेंटिमीटरचा फरक. आजीच्या लेखी ती दोन वेगळी झाडं होती. एकाचं फूल मोठं, रसाळ, पण आठ दिवसांत सगळं गळून मोकळं होणारं. दुसऱ्याचं फूल बारीक, वाळवलं की पावसाळाभर टिकणारं, आणि पहिलं संपत आलं की मग गळायला लागणारं. पलीकडे नाल्याच्या काठावर तिसरा मोह होता. त्याच्याखाली पूर्ण उजाडल्याशिवाय कुणी जात नाही, कारण पहाटे तिथे अस्वल येतं. "त्याचं झालं का आपलं," आजी म्हणाली. यातल्या कशासाठीच आमच्या वहीत रकाना नव्हता.

जंगलाची जैवविविधता गावाला कशी दिसते, असं कुणी विचारलं की मला ही तीन झाडं आठवतात. आपण जैवविविधता म्हणतो तेव्हा मनात यादी असते: किती जातींची झाडं, किती पक्षी, किती फुलपाखरं. गावाच्या मनात यादी नसते. तिथे तीन प्रश्न असतात. काय कधी मिळतं, ते कुणाकुणाचं आहे आणि त्यातलं किती ठेवायचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजे माहिती. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे निर्णय. गेली काही वर्षं सरकार, विद्यापीठं आणि आमच्यासारखे कार्यकर्ते गावाकडून माहिती मोठ्या आदरानं गोळा करत आहेत. तिसरा प्रश्न मात्र गावाला कुणी विचारत नाही, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आधी पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण तो फार संपन्न आहे. पूर्व विदर्भातल्या जंगलालगतच्या कुठल्याही गावात वर्षाचा हिशेब झाडांवरून सांगता येतो. फाल्गुन-चैत्रात मोह. त्यामागोमाग चार (चारोळीचं फळ) पिकतो, टेंभरं (तेंदूची फळं) पिकतात, तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. ज्येष्ठात आंबा आणि मोहाची टोळ म्हणजे बी, जिचं तेल काढतात. पहिल्या पावसानंतर सात्या (अळंबी) निघतात, बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) निघतात, कुड्याची फुलं आणि तरोट्याची कोवळी पानं भाजीला येतात. मग काटवल, मग कंद. थंडीत आवळा, हिरडा, बेहडा. मध्ये मध. धानाची कोठी रिकामी होत आली असते नेमकी त्याच महिन्यांत जंगल सगळ्यात जास्त देतं. मोहाच्या वेळेस आभाळ आलं आणि फूल काळं पडलं, तर चार आणि टेंभरं हात देतात. तीही गेली तर टोळ. इथे विविधता म्हणजे सलग चाललेला शिधा आहे, एक कडी तुटली तर दुसरीनं धरून ठेवायची. म्हणून मिश्र जंगल तोडून एकाच जातीचं लावलं की गावाला ते जंगल वाटतच नाही. "सागाखाली काय भेटते जी? पोट काय एकाच झाडानं भरते का?" हा प्रश्न मी वेगवेगळ्या गावांत इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो कुणा एकाचा राहिलेला नाही.

दुसरा प्रश्न, कुणाकुणाचं. अस्वलाचा वाटा आजीनं एका वाक्यात सांगितला. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि परागीभवन मुख्यतः त्यांच्यामुळे होतं, हे वनस्पतीशास्त्र सांगतं. गावात ते या शब्दांत कुणी सांगत नाही, पण वटवाघळं लटकलेलं झाड कुणी तोडत नाही. गोंड समाजात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी सगा-व्यवस्था, म्हणजे कुळांची गटवारी, आहे आणि कुळाकुळाचं एखादं झाड, प्राणी किंवा पक्षी असतो, त्याला त्या कुळानं इजा करायची नाही. सगळ्या गावाच्या सगळ्या कुळांची बंधनं एकत्र मांडली तर कितीतरी जिवांभोवती कुंपण पडतं, आणि ते कुठल्याही अधिसूचनेविना. मरका पंडुम हा आंब्याचा सण झाल्याशिवाय नवा आंबा खायचा नाही, ही रीत आजही अनेक गावांत पाळली जाते. सणापर्यंत कोय भरते, आणि भरलेली कोय जिथे पडेल तिथे रुजू शकते. पूर्वजांनी हा विचार करूनच सण बसवला असा दावा मी करणार नाही. परिणाम मात्र डोळ्यांसमोर आहे.

आता तिसरा प्रश्न. त्याच्या उत्तराचा हक्क गावाकडून कसा गेला, हे थोडक्यात सांगायला हवं. १८६४ मध्ये ब्रँडिस हे देशाचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि जंगल ही इमारती लाकडाची गंगाजळी आहे, या समजुतीवर एक अख्खं शास्त्र आणि एक अख्खं खातं उभं राहिलं. १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी ती समजूत पक्की केली. स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, हिशेब तोच राहिला. कार्य आयोजना (खात्याचा जंगलाचा आराखडा), कूप (तोडीचा पट्टा), घनमीटर. १९७४ मध्ये महाराष्ट्रात वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि मिश्र जंगल काढून तिथे सागाची लागवड करण्याचं काम चंद्रपूर-गडचिरोलीत मोठ्या क्षेत्रावर झालं. आजही देशाचं वनाच्छादन मोजताना एक हेक्टरापेक्षा मोठ्या जमिनीवर झाडांचं छत्र दहा टक्क्यांच्या वर असलं की ती वनाच्छादनात धरली जाते. झाडं कुठल्या जातीची, जमीन कुणाची, याला महत्त्व नाही. निलगिरीची रांग आणि नाल्याकाठचं शंभर जातींचं रान त्या नकाशावर सारखंच हिरवं दिसतं. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यानं पन्नास कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला, एकट्या २०१९ साली तेहतीस कोटींचा. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. कोणतं झाड, कुठे आणि कुणाला विचारून, हे प्रश्न त्या आकड्याखाली दबले.

वनहक्क कायदा २००६ चा. सामूहिक वनसंसाधनाचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यानं गावाला दिला, कलम ५ मध्ये वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता सांभाळण्याचे अधिकार ग्रामसभेकडे सोपवले. २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि मर्दा या गडचिरोलीतल्या गावांना देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याचं क्षेत्र सुमारे अठराशे हेक्टर. तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात येण्यासाठी २७ एप्रिल २०११ उजाडावं लागलं, आणि तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा मेंढ्यानं त्याच्या कितीतरी आधी दिली होती. घोषणेपासून परवान्याच्या वहीपर्यंतचा काळ गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत कसा काढला, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

पण मेंढ्याबद्दल मला सांगावंसं वाटतं ते मधाविषयी. आग्या माश्यांचा मध काढायची जुनी रीत म्हणजे पोळ्याखाली जाळ करायचा, माश्या मारायच्या किंवा पळवायच्या आणि अख्खं पोळं उतरवायचं. मेंढ्याच्या अभ्यासगटात यावर बोलणं झालं. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राच्या मदतीनं तरुण पोरं नवी पद्धत शिकली. जाळीदार पोशाख घालून झाडावर चढायचं आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा. अळ्यांचा भाग जागेवरच ठेवायचा. माश्या तिथेच राहतात, पोळं पुन्हा भरतात. इथे परंपरा जिंकली असं म्हणता येत नाही, बाहेरचं विज्ञान जिंकलं असंही नाही. गावानं स्वतःच्या एका रीतीकडे नव्यानं पाहिलं, बाहेरून हवं तेवढं शिकून घेतलं आणि 'किती ठेवायचं' हे नव्यानं ठरवलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव आणखी पुढे गेलं. २०१२ मध्ये या गावाला १००६ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूपासून गावाला चांगलं उत्पन्न सुरू झालं. त्यानंतर ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. ज्यांना हा हंगाम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: उन्हाळ्यात हातात रोख देणारा याच्याएवढा दुसरा हंगाम आमच्याकडे नाही. पण चांगलं कोवळं पान यावं म्हणून झुडपं छाटली जातात, पुष्कळदा आग लावली जाते, आणि त्या आगीत जमिनीवरची सगळी रोपं, पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव जळतात. शिवाय झुडपं वाढूच दिली नाहीत तर टेंभरं कुठून लागणार? गावानं रोख रकमेवर पाणी सोडलं आणि फळ राखलं. त्याशिवाय तीस हेक्टरांहून जास्त जंगल देवाच्या नावानं कायमचं राखून ठेवलं. सह्याद्रीत आपण जुन्या देवराया कशा वाचवायच्या याची चर्चा करत असतो, आणि इथे एका गावानं आपल्या डोळ्यांदेखत नवी देवराई केली. कुठल्या कार्य आयोजनेत हा निर्णय बसला असता?

आता नोंदवहीकडे येतो. लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडली आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानं तिला पाया दिला. कल्पना सुंदर होती: गावानं आपल्या परिसरातलं जिवांचं आणि ज्ञानाचं खातं स्वतः मांडायचं आणि त्यावर व्यवस्थापनाचे निर्णय स्वतः घ्यायचे. मग बरीच वर्षं काहीच झालं नाही. शेवटी राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि त्यानंतर दर महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं राज्यांना बजावलं. देशभरात धावपळ उडाली. कागदावर आज अडीच लाखांहून जास्त नोंदवह्या आहेत.

त्या धावपळीत तयार झालेली एक नोंदवही मी पाहिली आहे. गावाचं नाव सांगत नाही, करून देणाऱ्यांचंही नाही. छान बांधणी, रंगीत फोटो, शास्त्रीय नावं बिनचूक. आत शेजारच्या गावाचीच यादी होती. गावात कधी न लावलेली पिकं होती, आणि ज्या नाल्याचे मासे लिहिले होते तो नाला डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वाहतो. मी ती वही गावातल्या जाणत्या माणसांपुढे ठेवली. त्यांनी ती त्याआधी पाहिलेलीच नव्हती. एका काकांनी पानं उलटली, फोटो बघितले आणि विचारलं, "यात आमचं काय हाये?" मला उत्तर देता आलं नाही. त्याची लाज अजून वाटते, कारण अशा कामांत मीही कधी ना कधी घाई केली आहे.

नोंदवही नीट केली तरी एक अडचण उरते. त्याच भागातले एक वैदू आमच्याशी दोन दिवस भरभरून बोलले. कोणतं लाकूड नांगराला, कोणतं खाटेला, कोणत्या सालीनं मासे भोवंडतात, सगळं सांगितलं. औषधाचा विषय निघाला तसे गप्प झाले. "जनावराच्या खुराचं सांगतो. बाकी नाही सांगत." काही जण याला अडाणीपणा म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं. वनहक्क कायद्यात जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक संपदेचा हक्क लिहिलेला आहे. दुसऱ्या बाजूला, २०२३ मध्ये जैवविविधता कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट मिळाली. वैदूंना हे कलम माहीत नाही. पण सांगून टाकलेली गोष्ट आपली राहत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. निर्णयात वाटा नसलेल्या माणसानं माहिती का द्यावी?

गावाला सगळं कळतं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारी माणसं गावाची गंमत बघायला येतात, राहायला येत नाहीत. आमच्याकडच्या जंगलात मोठे मोह भरपूर आहेत आणि मोहाची पोरसवदा झाडं शोधावी लागतात. फूल सगळं वेचलं जातं, टोळ सगळी वेचली जाते, वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो आणि उगवलेलं रोप त्यात जातं. उरलंसुरलं गुरं खातात. हे गावाचंच काम आहे. शिकारीच्या बाबतीतही जुनी बंधनं सैल झाली आहेत. जाणती पिढी जात आहे. पोरांना मोबाइलच्या मॉडेलची नावं येतात, गवतांची येत नाहीत. बायकांना जंगलाचं जे कळतं त्याच्या निम्मंही पुरुषांना कळत नाही, पण ग्रामसभेत बोलतात पुरुष. बांबूचा पैसा आला की काही ठिकाणी कंत्राटदार ग्रामसभेच्या आधी चार पुढाऱ्यांना भेटतो, हेही मी पाहिलं आहे.

शिवाय काही गोष्टी गावाच्या नजरेच्या पलीकडे असतात. गिधाडं नाहीशी झाली हे गावानं सगळ्यात आधी पाहिलं, कारण ढोर मेलं की कुजत पडायला लागलं. ती का गेली हे गावाला कळणं शक्य नव्हतं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याचं कारण आहे, हे शास्त्रज्ञांनी शोधलं आणि २००६ मध्ये पशुवैद्यकात त्यावर बंदी आली. पुढे गडचिरोलीत वनविभागानं गावांना सोबत घेऊन गिधाडांसाठी उपाहारगृहं, म्हणजे मेलेली ढोरं आणून ठेवायच्या जागा, चालवली. चांगलं काम होतं, त्याचं श्रेय खात्याला द्यायला हवं. म्हणूनच माझं भांडण विज्ञानाशी नाही, खात्यातल्या माणसांशीही नाही. शास्त्रज्ञानं गावाला कारण सांगावं, धोका सांगावा, मोजायला शिकवावं. ठेवायचं किती, हे मात्र तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं. चूक झाली तर तिची झळ आधी त्यांच्या चुलीला लागते, म्हणून ती दुरुस्त करायची घाईही त्यांनाच असते.

वनहक्काच्या नियमांत हे सरळ लिहिलेलं आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार आराखडा ग्रामसभेच्या समितीनं करायचा. वनविभागाच्या आराखड्याशी तो जोडताना बदल लागले तर ते त्या समितीला आवश्यक वाटतील तेवढेच. म्हणजे जुळवून घ्यायचं आहे ते कार्य आयोजनेनं. प्रत्यक्षात उलटं चालतं. २०२५ च्या मे महिन्यात छत्तीसगडच्या वनविभागानं सामूहिक वनहक्काच्या कामाची नोडल, म्हणजे मुख्य जबाबदार, यंत्रणा आपणच असू, असं पत्र काढलं. गावांनी रस्त्यावर येऊन विरोध केला तेव्हा जुलैमध्ये ते मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे असं पत्र निघालेलं नाही म्हणून निश्चिंत राहण्यासारखं काही नाही. छापील नमुने आहेत, त्यांतले रकाने आहेत, निधी अडवून ठेवता येतो. नमुन्यात न बसणारा आराखडा 'त्रुटी दूर करून फेरसादर करावा' अशा शेऱ्यासह परत येतो, आणि गाव थकलं की आमच्यासारखा कुणीतरी त्यात घनमीटर भरून देतो.

मला हवं आहे ते फार नाही. ग्रामसभेचा आराखडा तिच्या भाषेत, तिच्या मांडणीत स्वीकारला जावा, गोंडीत असेल तर गोंडीत. त्यात घेराच्या तक्त्याआधी कुठल्या महिन्यात काय मिळतं आणि कशाला हात लावायचा नाही याचे ठराव असावेत. नोंदवही ग्रामसभेच्या पेटीत राहावी, तिच्या परवानगीविना तिची प्रत बाहेर जाऊ नये. आणि आराखड्याची पाहणी करायला येणाऱ्या अधिकाऱ्यानं आधी जंगलात बायकांबरोबर एक सकाळ काढावी, मगच सही करावी.

धानोऱ्यातल्या त्या गावची मोजणी एप्रिलमध्ये संपली. शेवटच्या दिवशी पोरानं वहीतले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवले: प्लॉटमध्ये मोठे मोह किती, मनगटाएवढे किती, रोपं किती. रोपांच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे शून्य होतं. हे शून्य गावाला माहीत होतं, पण असं एकाखाली एक मांडलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाजूला बसलेली ती आजी म्हणाली की नाल्याकाठची झाडं या वर्षी सोडून द्या, टोळ तिथेच पडू द्या, पाला जाळू नका. ती कुणाच्या वाट्याची झाडं होती त्यावर तासभर वाद झाला. दोन घरांनी आधी नाही म्हटलं. त्यांना दुसरीकडची झाडं वेचायला द्यायची, असं ठरल्यावर ती तयार झाली. दुसऱ्या दिवशी पोरांनी अकरा मोहांच्या खोडाला गेरूचा पट्टा ओढला. अस्वलाचं झाड त्यात आहे. पाऊस पडून गेला की बैलपोळ्याच्या सुमाराला त्या अकरा झाडांखाली रोपं मोजायला जायचं आहे. या खेपेला टेप आजीच्या नातीच्या हातात असेल, आणि वहीत आणखी चार रकाने आहेत, ते बायकांनी सांगितलेले.